ब्रिटिश सून किंवा जावयाचं ओसीआय: आधी लग्नाचा दाखला नीट करा

जोडीदाराकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि संसार पुण्यात, नाशिकला किंवा पणजीत थाटायचा, तर शेवटी गाठायचं ते ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, नागरिकत्व नव्हे. मतदान करता येत नाही. 'टुरिस्ट व्हिसावर ये, मग बघू' असं सांगणाऱ्या नातेवाइकांना चहा द्या आणि विषय बदला. टुरिस्ट व्हिसावर असताना भारतातून ओसीआयचा अर्ज करताच येत नाही.

ब्रिटिश जोडीदाराचे आई-वडील किंवा आजी-आजोबा भारतीय नागरिक होते का, हे आधी विचारा. असतील तर त्याच आधारावर अर्ज करता येतो आणि लग्नाची भानगडच उरत नाही. नसतील तर पुढे वाचा.

१. व्हिसा: ब्रिटनमधूनच भारतीयाचा जोडीदार म्हणून एन्ट्री व्हिसा (एक्स व्हिसा) घ्या. १८० दिवसांहून जास्त राहायचं असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) पोर्टलवर नोंदणी.

२. सी-फॉर्म: परदेशी माणूस मुक्कामाला असल्याची सरकारला द्यायची माहिती. परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरतो त्याने २४ तासांत ऑनलाइन भरायचा. सासरचं घर असलं तरीही.

३. लग्नाचा दाखला: बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. कायद्याला लग्न नोंदलेलं हवं आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं. आळंदीला लग्न लागलं, गुरुजींनी शिक्का मारून कागद दिला, म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तो कागद विवाह नोंदणी कार्यालयाचा दाखला नव्हे. 'लग्न तर तीन वर्षांपूर्वीच झालं' यावर भरवसा ठेवू नका. दोन वर्षं नोंदणीच्या तारखेपासूनच मोजा आणि नोंदणी लगेच उरका.

दोघांपैकी एकच हिंदू असेल तर हिंदू विवाह कायदा लागू होत नाही. मग १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्यात ३० दिवसांची नोटीस असते, शिवाय दोघांपैकी एकाने तरी नोटिशीआधी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. विधी आधीच झालेला असेल आणि आता फक्त नोंदणी हवी असेल, तर ही ३० दिवसांची अट दोघांनाही लागते. म्हणून पंधरा दिवसांच्या सुट्टीत 'रजिस्टर करून टाकू' हा बेत सोडा. लग्न ब्रिटनमध्ये झालं असेल तर तिथल्या दाखल्याची मूळ प्रमाणित प्रत मागवून तिच्यावर तिथूनच अपोस्टिल (कागद खरा असल्याची तिथल्या सरकारची मोहोर) करून घ्या. घरच्या झेरॉक्सवर काही होत नाही.

आता नाव. आपल्याकडे सवयीने सुनेच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव लागतं. फॉर्म भरणारा एजंट तसं लिहून मोकळा होतो. पासपोर्टवर माहेरचं नाव, दाखल्यावर तिसरंच. मग दोन्ही एकच बाई, हे सिद्ध करत बसा. दाखल्यावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरन् अक्षर, मधल्या नावासकट हवं. सासूबाईंना आवडलेलं नवं नाव पत्रिकेत छापा, सरकारी कागदावर नको. सही करण्याआधी मसुदा स्वतः वाचा, पासपोर्ट शेजारी उघडा ठेवून. एजंटवर सोडू नका.

४. ओसीआयचा अर्ज: ऑनलाइन. भारतातून फी १५,००० रुपये. जोडीदार म्हणून अर्ज असेल तर सुरक्षा पडताळणी होते आणि ती आपल्या घाईने होत नाही. अर्ज टाकला म्हणून एक्स व्हिसाची मुदत आपोआप वाढत नाही. ती संपण्याआधी वाढीचा अर्ज वेगळा करा.

कार्ड मिळाल्यावर एफआरआरओची नोंदणी मागे लागत नाही. पण हे कार्ड लग्नावर उभं आहे, घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं. शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही, बक्षीसपत्राने घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकतं. तेव्हा गावाकडची शेती सुनेच्या नावे करायचं सासऱ्यांच्या मनात असेल, तर स्टँप पेपर आणण्याआधी त्यांना थांबवा.