‘भारी आहे’च्या पुढे काय लिहायचं? छोट्या ब्राउझर गेमना अभिप्राय देताना

एकट्यादुकट्याने बनवलेला छोटा गेम इच डॉट आयओ या स्वतंत्र गेमच्या वेबसाइटवर चढला की त्याखाली साधारण दोन प्रकारची वाक्यं जमतात. ‘भारी आहे, आवडला’ आणि ‘कंट्रोल्स बेकार’. पहिल्याने बनवणाऱ्याचा दिवस बरा जातो, दुसऱ्याने वाईट. पण कोड उघडून नेमका कुठे हात घालायचा, हे दोन्हींतून कळत नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि उरलेल्या वेळात असे गेम खेळून त्यांवर लिहिते. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी एकच सांगते: तुमचं मत नंतर, आधी खेळताना तुमचं काय झालं ते सांगा.

त्यासाठी पहिला डाव फुकट घालवू नका. बनवणाऱ्याने आपला गेम इतक्यांदा खेळलेला असतो की नवखा माणूस कुठे अडखळेल हे त्याला दिसतच नाही, आणि तुम्हीही नवखे एकदाच असता. गेम उघडण्याआधी स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करा किंवा कागद-पेन घेऊन बसा. गेमचं वर्णन, सूचना, इतरांचे अभिप्राय, काहीही आधी वाचू नका. खेळताना मोठ्याने बडबडलात तर उत्तम. अडकलात तर सुटका कशी झाली यापेक्षा त्याआधी काय काय करून पाहिलं ते टिपा. समजा कोड्याच्या गेममध्ये तुम्ही बराच वेळ लाल पेटी ढकलत बसलात, कारण आधीच्या खोलीत लाल दगड ढकलता येत होता. ‘तिसरी खोली अवघड आहे’ यातून बनवणाऱ्याला काही मिळत नाही. ‘लाल म्हणजे ढकलता येतं असा माझा समज झाला’ हे कळलं, तर रंग बदलून तो मोकळा होतो.

आता उपाय सुचवण्याबद्दल. हा मोह सगळ्यांना होतो. उड्या मारायच्या गेममध्ये खड्ड्यात पडून पडून वैतागलेला माणूस हमखास लिहितो, ‘डबल जंप द्या’, म्हणजे हवेत असतानाच दुसरी उडी. डबल जंप दिली की सगळ्या लेव्हलांची अंतरं नव्याने आखावी लागतात. त्याऐवजी असं लिहा: ‘दुसऱ्या लेव्हलला हलत्या फळीच्या उजव्या टोकावरून उडी मारताना बऱ्याचदा उडी लागलीच नाही. बटण दाबलं तेव्हा मी अजून फळीवर आहे असं मला वाटत होतं.’ जाणकार डेव्हलपर हे वाचूनच ओळखतो की ‘कोयोटी टाइम’ नाही. म्हणजे पाय कडेवरून सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांतलं एक) उडी मान्य करण्याची सवलत. दोन-चार ओळींचा बदल आणि लेव्हल आहे तशीच राहते. उपाय सुचवायचाच असेल तर शेवटी, वेगळ्या ओळीत, आणि तो तुमचा अंदाज आहे असं म्हणून.

ब्राउझरमधल्या गेमची काही दुखणी या माध्यमाचीच असतात. ती ओळखता आली की तुमच्या शब्दाला एकदम वजन येतं. आवाज येत नाही ही तक्रार घ्या. क्रोममध्ये २०१८ पासून माणसाने पानावर क्लिक करेपर्यंत किंवा बटण दाबेपर्यंत सहसा आपोआप आवाज वाजू देत नाहीत. म्हणून ‘आवाज नाही’ एवढंच लिहू नका. पहिल्या क्लिकनंतरही नव्हता, की फक्त सुरुवातीच्या पडद्यावर नव्हता, ते लिहा. स्पेसबार किंवा बाणाची बटणं दाबल्यावर पात्राबरोबर अख्खं पानच खाली सरकतं का, तेही बघा. दुसऱ्या टॅबवर जाऊन परत या. ब्राउझर मागच्या टॅबचं चित्र रंगवणं थांबवतो, पण गेममधला वेळ खऱ्या घड्याळाप्रमाणे पुढे जात असेल तर परत येईपर्यंत तुमचा खेळ खलास झालेला असतो.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेग. ब्राउझर साधारणपणे मॉनिटर जितक्या वेळा ताजा होतो तितक्या वेळा फ्रेम काढतो. डेव्हलपरचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा), तुमचा १४४ चा, आणि त्याने प्रत्येक फ्रेमला पात्र ठरावीक पिक्सेल पुढे सरकवलं असेल, तर तुमच्याकडे गेम दुपटीहून जास्त वेगाने पळतो. तुम्ही लिहिता ‘फारच अवघड’, तो म्हणतो ‘छे, सोपा तर आहे’, आणि दोघंही खरं बोलत असता. मॉनिटर किती हर्ट्‌झचा, ब्राउझर कुठला, संगणकाची सिस्टीम कोणती, ही ओळ अभिप्रायात असलीच पाहिजे.

मराठी टाइप करणाऱ्यांना एक शोध आयताच लागतो. कीबोर्ड इनस्क्रिप्टवर (देवनागरीच्या प्रमाणित मांडणीवर) असताना गेम उघडा आणि पात्र हलवायची नेहमीची बटणं, डब्ल्यू, ए, एस, डी, दाबून बघा. तेव्हा डब्ल्यूच्या बटणावर ऐकाराची मात्रा असते, एच्या बटणावर ओकाराची. गेम ‘कुठलं अक्षर उमटलं’ असं विचारत असेल तर पात्र जागचं हलत नाही. ‘कुठल्या जागेवरचं बटण दाबलं’ असं विचारत असेल तर बिनतक्रार चालतं. फक्त इंग्रजी कीबोर्डवर काम करणाऱ्या डेव्हलपरला हे सहसा सुचत नाही. फ्रेंच कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड असतो, त्यामुळे हा एक दोष दुरुस्त झाला की तिकडच्या खेळाडूंचीही सोय होते.

गेम मध्येच गोठला तर पान लगेच रिफ्रेश करू नका. विंडोजवर एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझर चुका नोंदवतो ती जागा, उघडा, लाल अक्षरांतली पहिली ओळ कॉपी करा आणि अभिप्रायात चिकटवा. पहिलीच, कारण खालच्या बहुतेक ओळी तिचीच पिलावळ असतात. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही तरी बिघडत नाही. ती ओळ कळणाऱ्यासाठी आहे.

फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या तंत्रावर बनलेल्या गेमवर लिहिताना जरा जपून. डिसेंबर २०२० नंतर फ्लॅश बंद झालं आणि आता त्यातले बरेच गेम रफल नावाच्या एम्युलेटरवर (फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालतात. चूक गेमची की एम्युलेटरची, हे बाहेरून सांगता येत नाही.

लिहिण्याआधी गेम कशासाठी बनवला होता ते बघा. (हे वाचायचं पहिल्या डावानंतर.) २००२ साली सुरू झालेल्या लुडम डेअर या गेम बनवण्याच्या स्पर्धेच्या कॉम्पो विभागात एकट्या माणसाला ४८ तासांत सगळं करायचं असतं. जेएस१३के स्पर्धेत तर झिप केलेला अख्खा गेम १३ किलोबाइटमध्ये बसवायचा असतो. तिथे ‘ग्राफिक्स सुधारा’ म्हणणं म्हणजे हायकू वाचून ‘जरा लांबवा’ म्हणण्यासारखं आहे. पिको-८ या मुद्दाम मर्यादित ठेवलेल्या काल्पनिक गेम कन्सोलवर बनवलेल्या गेमचा पडदा १२८ बाय १२८ पिक्सेलचा आणि रंग १६. ही मर्यादा बनवणाऱ्याने आवडीने घेतलेली असते. पण जॅममधला, म्हणजे अशा ठरावीक वेळात बनवलेला, गेम म्हणून सगळं सोडून द्या, असंही नाही. ‘सेलेस्ट’ या डोंगर चढायच्या गेमची पहिली आवृत्ती २०१५ मध्ये पिको-८ वर चार दिवसांत झाली आणि पुढे तिचा मोठा गेम झाला. गेम पुढे वाढवायचा विचार आहे का, हे एका ओळीत विचारा आणि उत्तराप्रमाणे किती खोलात जायचं ते ठरवा.

भाषेबद्दल फार सांगत नाही, माणसाशी बोलतोय हे लक्षात असलं की पुरे. तीनच मुद्दे लिहा, सगळ्यात मोठा अडथळा आधी. काय आवडलं तेही नेमकं लिहा, कारण पुढच्या आवृत्तीत तेच कापलं जाण्याची भीती असते. कोडी तुम्हाला मुळातच आवडत नसतील तर तसं सुरुवातीलाच सांगून टाका. डेव्हलपर म्हणाला की उडी मुद्दामच जड ठेवली आहे, तर वाद घालू नका. गेम त्याचा आहे.

टेस्टिंगमध्ये यायचं असेल तर हे सगळं साठवून ठेवा: कुठला गेम, तुम्ही काय लिहिलंत, पुढच्या आवृत्तीत काय बदललं. मुलाखतीत समोर एखादा प्रोग्रॅम ठेवून ‘यातल्या चुका लिहून दाखवा’ म्हणतात, तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा हा सराव जास्त कामाला येतो.

आणि नवी आवृत्ती आल्याचा निरोप मिळाला की ती खेळून बघा, हे अर्धं काम बहुतेक जण सोडूनच देतात. ‘अजून तसंच आहे’ असं कळवण्याआधी मात्र कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबून पान नव्याने आणा. ब्राउझरने जुन्याच फायली जपून ठेवलेल्या असू शकतात.