कौटुंबिक प्रार्थनेनंतर वही उघडा: ख्रिस्ती घराचा महिन्याचा हिशेब कसा मांडावा

आमच्या घरी महिन्याचा पहिला रविवार ठरलेला आहे. उपासनेहून येताना पोहे-जलेबी बांधून आणायची, कौटुंबिक प्रार्थना करायची आणि मग त्याच टेबलावर, शास्त्र (बायबल) न उचलता, खर्चाची वही उघडायची. इंदूरला आमचं चर्चमधलं सगळं हिंदीत चालतं. पैशाचं बोलणं मात्र मराठीतच निघतं, आणि भांडणही. मी बारा वर्षं मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, खजिनदार होतो. दानार्पणाची पाकिटं मोजता मोजता घरंही जवळून पाहिली. हात सढळ, पण नवऱ्याच्या कर्जाचा बायकोला पत्ता नाही, अशी घरं त्यात कमी नव्हती.

आधी लपवलेलं बाहेर काढा

पहिल्या बैठकीत काहीही सुधारायला जाऊ नका. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर फक्त लिहायचं: मिळतं किती, साठलंय किती, देणं किती. देण्यात घराचा हप्ता असतोच. पण क्रेडिट कार्ड, सोन्यावरचं कर्ज, भिशी, मेहुण्याकडून घेतलेले दहा हजार आणि किराणावाल्याचं खातंही आलं पाहिजे. आपल्या ख्रिश्चन कॉलेजच्या कॅन्टीनमधली किशोरकुमारची पाच रुपये बारा आण्यांची उधारी इंदूर अजून चघळतं. लहान देणं आपण विसरतो, गाव विसरत नाही.

मग कागद बदलून वाचा. इथे आवाज चढतात. चढू लागले की बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय काढा. हनन्या आणि सप्पीरा या नवरा-बायकोने जमीन विकली आणि किमतीचा काही भाग दडवला. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला सांगतो की जमीन तुझीच होती, पैसाही तुझ्याच हाती होता. थोडं स्वतःकडे ठेवलं हा गुन्हा नव्हता, सगळं दिलं असं भासवलं हा होता. पैशावर नवरा-बायकोचं इतकं एकमत झालं, आणि झालं ते खोटं बोलण्यावर!

मुलं दहा-अकरा वर्षांची झाली की त्यांनाही बैठकीच्या उत्तरार्धात बसवा. त्यांना आकडे झेपतात. आई-बाबा कुजबुजले की घाबरतात.

पगार आला की पाकिटं

प्रत्येक खर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात घालायचे. समजा, घरात महिन्याला 42,000 येतात. दशांश, म्हणजे देवासाठी काढायचा दहावा हिस्सा, 4,200. तो पगार आल्या दिवशीच वेगळा काढावा. महिनाअखेरीस उरेल त्यातून देऊ म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही. प्रेषित पौलानेही करिंथच्या ख्रिस्ती लोकांना आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवा असंच लिहिलं होतं. पण त्याच करिंथकरांना तो हेही लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवलं तसं द्यावं, कुरकुरत किंवा बळजबरीने नको. म्हणून कार्डाचं कर्ज डोक्यावर असेल तर दोन टक्क्यांनी सुरू केलं तरी चालेल, असं माझं मत आहे. काही पाळकांना ते पटत नाही. कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात जातं. आधी ते कर्ज फेडा आणि दर तीन महिन्यांनी दानाचा टक्का वाढवा. आणि 'बीज पेरा, शंभरपट घ्या' म्हणत क्यूआर कोड पुढे करणारा भेटला तर खिशात हात घालू नका. ते दान नाही, सट्टा आहे.

नाताळचं पाकीट जानेवारीपासूनच. एम.टी. क्लॉथ मार्केटमधले कपडे, केक, फराळ, पाहुणे मिळून मागच्या डिसेंबरला 18,000 लागले असतील तर महिन्याला 1,500. नाहीतर जानेवारीत येशूच्या जन्माचे हप्ते भरत बसावं लागतं.

आई-वडिलांचं पाकीट दशांशाच्या शेजारीच ठेवा. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान' म्हणणाऱ्यांवर चिडतो. आई-वडिलांना लागणारा पैसा देवाला वाहिला असं सांगून ते मोकळे होत. आईच्या बीपीच्या गोळ्या थांबवून हंगामाच्या सणाला चर्चमध्ये वाहिलेल्या पिकाच्या लिलावात दोन हजारांचा भोपळा घेणारा माणूस मी पाहिलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पावती मीच फाडली.

जामीन राहू नका

हे मी पोळून सांगतोय. मंडळीतल्या एका भावाने मोटारसायकलच्या कर्जासाठी सही मागितली. आम्ही एकत्र भजनं म्हटलेली, नाही कसं म्हणायचं? सहा महिन्यांत तो गाव सोडून गेला आणि उरलेले चौदा हप्ते मी भरले. बायको दीड वर्ष त्यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

जामीन म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे. करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं काही नसेल तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात तर जामीन राहिलेल्याला सांगितलंय की झोपू नकोस, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सूट. म्हणून उत्तर आधीच ठरवून ठेवा: "भाऊ, आमच्या घरात जामीन राहायचं नाही असं ठरलंय. हे तीन हजार घे, परत नकोत." एवढंच. कारणं दिली की समोरचा ती खोडत बसतो.

वाईट दिवसांचं धान्य

बायबलमधल्या योसेफाने इजिप्तमध्ये सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पंचमांश साठवायला लावला. 42,000 चा पंचमांश 8,400 होतो, आणि भाड्याच्या घरात तो निघणं अवघड. 2,500 ची आवर्ती ठेव सुरू करा. घर, किराणा, शाळा, औषधं धरून महिन्याचा न टळणारा खर्च 25,000 असेल तर सहा महिन्यांचे 1,50,000. ते जमायला पाच वर्षं लागतील. लागू द्या. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापडगिरणी नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा सुमारे 224 कोटींचा धनादेश 2023 च्या नाताळच्या दिवशी सुपूर्द झाला. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. हक्काचा पैसाही कधी हातात येईल हे आपल्या हाती नसतं.

मृत्युपत्र

याला लोक अपशकुन समजतात. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्यांनी तरी समजू नये.

ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश मिळतं आणि उरलेलं मुला-मुलींत सारखं वाटलं जातं. म्हणजे राहतं घर आपोआप पूर्ण बायकोचं होत नाही. बँकेत नॉमिनी म्हणून नाव असलं की तो पैसा त्याचाच, हाही गैरसमज आहे. नॉमिनीने तो स्वीकारायचा आणि वारसांना द्यायचा असतो.

साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्याही सह्या घ्या. ज्याला काही देताय तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको, नाहीतर त्यांना दिलेलं रद्द होतं. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या कायद्यात लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द होतं. लग्नाआधी लिहिलेलं असेल किंवा विधुराने पुन्हा लग्न केलं असेल तर नवीन लिहा. घर-जमीन असेल तर वकिलाला एकदा दाखवा.

हे सगळं एका फायलीत घाला आणि ती कुठे आहे ते दोघांना ठाऊक असू द्या. आमची पिठाच्या डब्यामागे असते. आता जागा बदलावी लागेल.