साहसकथेचा नायक कसा घडवावा : अ‍ॅनिमेकडून शिकण्यासारखे

अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनच्या मालिका आणि चित्रपट, पाहून स्वतःची साहसकथा लिहायला बसणारा नवा लेखक बहुधा नायकाच्या शक्तीपासून सुरुवात करतो. डोळ्यांचा रंग, तलवारीचे नाव, शेवटच्या लढाईत जागी होणारी गूढ ताकद यांनी वहीची पाने भरतात, आणि या नायकाला नेमके काय हवे आहे हे मात्र ठरलेले नसते. हा क्रम उलटा करावा. आधी नायकाची इच्छा ठरवावी, मग त्या इच्छेपायी तो काय गमावायला तयार आहे आणि काय गमावायला मुळीच तयार नाही हे ठरवावे, आणि शक्ती सर्वांत शेवटी द्यावी. पुढे ज्या कथांचे दाखले घेतले आहेत त्यांपैकी काहींचे शेवट उघड करावे लागले आहेत. ज्यांना त्या कोऱ्या मनाने पाहायच्या असतील त्यांनी आधी त्या पाहून घ्याव्यात.

इच्छा एका वाक्यात सांगता आली पाहिजे आणि शक्यतो ती डोळ्यांना दिसली पाहिजे. एइचिरो ओदा यांची ‘वन पीस’ ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जुलै १९९७ मध्ये ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात सुरू झाली. या साप्ताहिकात वाचकांची मते सतत मागवली जातात आणि मागे पडणाऱ्या मालिका लवकर गुंडाळल्या जातात, त्यामुळे पहिल्याच प्रकरणात नायक वाचकाच्या मनात ठसवणे हा तिथल्या लेखकांच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. ओदांनी पन्नासहून अधिक पानांच्या त्या प्रकरणात हे कसे साधले, ते वही-पेन घेऊन अभ्यासण्याजोगे आहे. सात वर्षांच्या लुफीला समुद्री चाचा व्हायचे आहे. त्याचा आदर्श असलेल्या शँक्सला एक डाकू भर खानावळीत अपमानित करतो, अंगावर दारू ओततो, आणि शँक्स हसून सोडून देतो. लुफीला याची चीड येते. पुढे तोच डाकू लुफीच्या जिवावर उठतो, तेव्हा स्वतःच्या अपमानाला हसणारा शँक्स मित्रासाठी मात्र लढायला उभा राहतो, आणि समुद्रातल्या अजस्र प्राण्याच्या तोंडून लुफीला वाचवताना आपला डावा हात गमावतो. निघताना तो आपली गवती टोपी लुफीच्या डोक्यावर ठेवतो आणि मोठा चाचा झाल्यावर ती परत आणून दे असे बजावतो.

एवढ्या प्रसंगात लेखकाने किती गोष्टी उरकल्या आहेत ते मोजून पाहावे. नायकाला काय हवे आहे ते कळले. ते मिळण्याआधीच त्याच्यासाठी कुणीतरी जबर किंमत मोजली, म्हणजे त्याच्यावर ऋण चढले. अपमान कशाला म्हणायचा आणि लढायचे कुणासाठी, याची त्याची मोजपट्टी तयार झाली. आणि हे सगळे एका टोपीत बांधले गेले, ज्यामुळे पुढे शेकडो प्रकरणांत ती टोपी फाटली किंवा कुणाच्या हाती दिली गेली की वाचकाला स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. आपल्या नायकासाठीही अशी एखादी वस्तू शोधावी. ती जादूची असण्याची गरज नाही. किंबहुना जादूची नसलेलीच बरी, कारण मग तिचे मोल केवळ आठवणीतून येते.

यानंतर नायकाला काय येत नाही याची यादी करावी, आणि ही यादी शक्तींच्या यादीहून लांब असावी. लुफीचे शरीर रबरासारखे ताणते, पण ज्या फळामुळे हे घडले त्याच फळामुळे त्याला पोहता येत नाही. समुद्रावर आयुष्य काढू पाहणाऱ्या माणसाला याहून गैरसोयीचा शाप शोधूनही सापडला नसता. आर्लाँग या क्रूर चाचाशी झालेल्या लढाईत तर तो आपल्या उणिवा स्वतःच मोजून दाखवतो : त्याला तलवार चालवता येत नाही, जहाजाची दिशा ठरवता येत नाही, स्वयंपाक येत नाही, खोटेही बोलता येत नाही. इतरांच्या मदतीवाचून आपण जगू शकत नाही याची त्याला खात्री आहे, आणि म्हणूनच त्याच्या जहाजावरचा प्रत्येक जण कथेला आवश्यक ठरतो. बरेच नवे लेखक नायकाला सर्वगुणसंपन्न करतात आणि मग त्याच्या मित्रांना टाळ्या वाजवण्यापलीकडे काम उरत नाही. मित्रमंडळी फिकी वाटत असतील, तर दोष बहुधा नायकातच असतो.

त्याच कथाभागात आणखी एक बारकावा आहे. लुफीच्या जहाजाची दिशा ठरवणाऱ्या नामीची बहीण नामीचा दुःखद भूतकाळ सांगू लागते, तेव्हा बाकीचे ऐकत थांबतात आणि लुफी मात्र आपल्याला त्यात रस नाही असे सांगून फिरायला निघून जातो. वरवर पाहता हा निष्ठुरपणा वाटतो. पण थोड्याच वेळाने नामी सर्व बाजूंनी हरून मदत मागते, तेव्हा तो एकही प्रश्न न विचारता ती टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो आणि लढायला निघतो. त्याला तिची कहाणी ऐकण्याची गरजच नव्हती. ती आपली आहे एवढे त्याला पुरेसे होते. स्वभाव दाखवायचा तो असा, कृतीतून, आणि शक्य असेल तर आधी वाचकाचा थोडा गैरसमज करून देऊन. ‘तो मित्रांसाठी काहीही करायला तयार असे’ हे वाक्य लिहून तोच परिणाम कधीही साधणार नाही.

किंमतीचा मुद्दा ज्या कथेने सर्वांत काटेकोरपणे हाताळला ती हिरोमु अराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’, जी २००१ ते २०१० या काळात मासिकातून प्रसिद्ध झाली. काही मिळवायचे तर तेवढेच मोल द्यावे लागते, हा तिथल्या किमयेचा नियमच आहे. एडवर्ड आणि आल्फोन्स हे भाऊ मेलेल्या आईला परत आणू पाहतात. त्या प्रयत्नात एडवर्डचा पाय जातो, आल्फोन्सचे संपूर्ण शरीर जाते, आणि भावाचा आत्मा एका चिलखताला जखडून ठेवण्यासाठी एडवर्ड आपला उजवा हातही देतो. परत फिरण्याचा मोह नको म्हणून दोघे आपले घर जाळून निघतात. इथवर ही प्रभावी सुरुवात झाली, पण नायक म्हणून त्यांची खरी परीक्षा पुढे आहे. ज्या परिसाच्या शोधात ते वणवण करतात तो जिवंत माणसांच्या प्राणांपासून बनतो हे त्यांना कळते, आणि तो वापरून आपली शरीरे परत मिळवण्यास ते नकार देतात. इच्छा तीच राहिली, मात्र तिच्याकडे जाणारा सोपा रस्ता नायकाने स्वतःच्या हाताने बंद केला. आपल्या कथेच्या मध्यावर असा एक प्रसंग आवर्जून ठेवावा, जिथे हवी ती गोष्ट मिळू शकते, पण ज्या मार्गाने मिळते तो मार्ग नायकाला परवडणारा नाही. शेवटी एडवर्ड भावाला परत आणण्यासाठी आपली किमया करण्याची क्षमताच देऊन टाकतो. ज्या विद्येमुळे तो प्रसिद्ध झाला तीच मोबदल्यात गेली, म्हणून तो शेवट पटतो.

नायक लढवय्या असलाच पाहिजे असे नाही, हे हायाओ मियाझाकी यांच्या २००१ च्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटातून शिकावे. दहा वर्षांची चिहिरो सुरुवातीला मोटारीच्या मागच्या आसनावर रुसून लोळत पडलेली दिसते. ती भित्री आहे, धडपडते, आणि तिला कुठलीही शक्ती शेवटपर्यंत मिळत नाही. आईबाप डुकरे झाल्यावर तिला देवांच्या स्नानगृहात नोकरी करावी लागते. नदीच्या देवाची घाण निपटल्यावर तो तिला एक कडवट औषधी गोळा देतो, आणि तो आईबाबांना खाऊ घालून त्यांना पुन्हा माणूस करावे असा तिचा बेत असतो. पण तिथे तिला मदत करणारा हाकू हा मुलगा मरणाच्या दारात असताना ती त्यातला अर्धा त्याला देते, आणि उरलेला अर्धा ज्याने स्नानगृहात हाहाकार माजवला आहे त्या बिनचेहऱ्याच्या प्राण्याला देते, ज्याने पुढे केलेले सोने तिने आधीच नाकारलेले असते. तिच्याकडे वाचवायला एकच साधन होते आणि ते तिने आपल्या मूळ उद्देशावर न वापरता समोरच्याच्या गरजेवर खर्च केले. शौर्य म्हणून मला हे कित्येक तलवारबाजीच्या दृश्यांपेक्षा मोठे वाटते. तुमच्या नायकाच्या हाती एखादे साधन द्यायचे असेल, तर ते एकदाच वापरता येईल असे द्यावे आणि त्याची गरज दोन ठिकाणी निर्माण करावी.

काही कथांत हा पेच पहिल्या प्रसंगातच पेरलेला असतो. ‘डेमन स्लेयर’मधला तांजिरो हा कोळसे विकणारा मुलगा राक्षसांना मारायला शिकतो, आणि त्याच्या पाठीवरच्या पेटीत राक्षस झालेली त्याची बहीण आहे. या मांडणीनंतर लेखकाला संघर्ष बाहेरून आणावाच लागत नाही. तांजिरो जिथे जाईल तिथे तो त्याच्याबरोबर जातो.

इच्छा कायम तीच ठेवली पाहिजे का, हा प्रश्न लांबलेल्या कथांत हमखास येतो. माकोतो युकिमुरा यांच्या ‘विनलँड सागा’मध्ये थॉर्फिन लहानपणापासून एकाच ध्यासावर जगतो : वडिलांना मारणाऱ्या आस्केलाडला द्वंद्वात ठार करायचे. आणि मग आस्केलाड दुसऱ्याच माणसाच्या हातून मरतो. सूडावाचून थॉर्फिनकडे काहीच उरत नाही. तो गुलाम होऊन डेन्मार्कमधल्या एका शेतावर पोहोचतो आणि जंगल तोडून जमीन कसू लागतो. पुष्कळ प्रेक्षकांना दुसरा सीझन संथ वाटला. मला तो या कथेचा कणा वाटतो, कारण इच्छा काढून घेतल्यावर माणूस म्हणून काय शिल्लक राहते, हे तिथे उलगडते. मात्र हा प्रयोग नवख्याने जपून करावा. इच्छा बदलायची तर आधीची इच्छा वाचकाला पुरेशी पटलेली असावी लागते, नाहीतर लेखकाचाच धागा सुटला असे दिसते.

चांगला नायक म्हणजे सज्जन माणूस, असेही समजू नये. ‘डेथ नोट’मधला लाइट यागामी हा खुनी आहे आणि तरीही त्याला काय हवे आहे, तो कसा विचार करतो आणि पुढची चाल कोणती खेळेल हे आपल्याला इतके स्पष्ट असते की नजर हटत नाही.

शक्तीविषयी फार सांगण्यासारखे नाही. तिला नियम असावेत, ते वाचकाला लढाईच्या आधी माहीत असावेत, आणि ऐन वेळी नवा नियम काढून नायकाला वाचवू नये. दुसऱ्या जगात जाऊन पडताच अजिंक्य होणाऱ्या नायकांच्या कथांची सध्या लाट आहे. त्या वेळ घालवायला ठीक असतात, पण त्यांतल्या किती नायकांची नावे महिन्याभराने आठवतात हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अ‍ॅनिमेच्या प्रभावाखाली लिहिताना नायकाचे नाव जपानी आणि शाळा टोकियोतली करण्याचा मोह होतो, आणि मग ज्या शाळेत आपण कधी पाऊल ठेवले नाही तिचे वर्णन दुसऱ्याच्या चित्रांवरून करावे लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवावा. काडीपैलवान अंगकाठीचा, फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला हा मुलगा सायकल दामटत आणि ‘टॉक्’ करत संकटात शिरतो. त्याला अलौकिक असे काहीच येत नाही, पण समोर काही काळेबेरे दिसले की त्याला गप्प बसवत नाही. तेवढ्यावर एक अख्खी मालिका उभी राहिली.

मसुदा झाल्यावर तो एखाद्या स्पष्टवक्त्या मित्राला द्यावा, पण मध्येच, नायक मोठ्या पेचात सापडतो त्या पानावर, त्याला थांबवावे आणि पुढे हा नायक काय करेल असे विचारावे. ‘कुणीही काय करेल ते’ अशा धर्तीचे उत्तर आले, तर नायकाला अजून चेहरा आलेला नाही. मागे जाऊन त्याची इच्छा आणि त्याचा नकार या दोन गोष्टी पुन्हा लिहाव्यात. मित्राने नेमके सांगितले आणि तेच पुढच्या पानावर घडणार असेल, तर स्वभाव पक्का आहे, फक्त प्रसंग सोपा झाला आहे; तिथे नायकासमोरची किंमत वाढवावी.