कर्जदाराला आधी हिशेब दाखवा, मग योजना

सहकारी बँकेने ग्राहकांसाठी माहितीपर मजकूर लिहायचा तर सुरुवात व्याजापासून करावी, कारण लोक फसतात ते तिथेच. एकच उदाहरण घ्या, पण पूर्ण सोडवा. कर्ज 1 लाख, मुदत 12 महिने, दर 12 टक्के. फ्लॅट पद्धतीने, म्हणजे मुदतभर पूर्ण मूळ रकमेवरच व्याज धरून, मासिक हप्ता 9,333 रुपये आणि व्याज 12,000. घटत्या शिलकीवर, म्हणजे दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, हप्ता 8,885 आणि व्याज सुमारे 6,619. म्हणजे 12 टक्के फ्लॅटचा खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. ही आकडेमोड वहीत करून तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. चकचकीत पोस्टरपेक्षा तो जास्त वाचला जातो.

पुढच्या मजकुरात स्वतःचे शुल्क सांगा: प्रक्रिया शुल्क 1 टक्का असेल तर जीएसटीसह 1,180 रुपये. हे लपवलं तर आधीचं सगळं वाया, कारण 1 ऑक्टोबर 2024 पासून वैयक्तिक मुदत कर्जांसाठी द्याव्या लागणाऱ्या मुख्य तथ्य विवरणात (कर्जाच्या अटी आणि खर्च एकत्र सांगणाऱ्या कागदात) ग्राहकाला शुल्क आणि वार्षिक खर्चदर, म्हणजे व्याज व शुल्क मिळून पडणारा वर्षाचा दर, दिसतोच.

त्याच मजकुराखाली ‘आजच अर्ज करा’ नको. आठवड्याला एकच विषय पुरे. विषय काउंटरवर विचारलेल्या प्रश्नांतून निवडा, आणि शाखाधिकाऱ्याने उत्तर तपासल्याशिवाय काहीही पाठवू नका.