टोनी जो व्हाइटचा ‘कंटिन्यूड’ ऐकायचा कसा

स्वॅम्प रॉक, म्हणजे दलदलीच्या मुलखाचं रॉक, म्हटलं की बहुतेकांची गाडी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलवर येऊन थांबते. बँड मोठाच, पण तो कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटोचा. लुइझियानाची दलदल त्यांनी लांबून रंगवली. गायक-गिटारवादक टोनी जो व्हाइट मात्र तिथल्याच मातीतला. जन्म १९४३ चा, लुइझियानाच्या ईशान्य टोकाला ओक ग्रोव्हचा. घर कापसाच्या शेतीवर चालणारं, सात भावंडांत हा धाकटा. १९६९ मध्ये त्याचं ‘पोक सॅलड ॲनी’ बिलबोर्डच्या यादीत ८ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याच वर्षी मोन्युमेंट कंपनीने त्याचा दुसरा अल्बम काढला, ‘कंटिन्यूड’. निर्माता बिली स्वान, गाणी ११. गाजलेलं गाणं पहिल्या अल्बमवर राहिलं आणि दुसऱ्यावरचं सर्वांत सुंदर गाणं पुढच्याच वर्षी दुसऱ्या गायकाने गाजवलं. या दोघांच्या मध्ये हा अल्बम राहून गेला. आमच्या मते तो पहिल्यापेक्षा सरस आहे, फक्त पहिल्या फेरीत तो हाती लागत नाही.

आधी एक समज काढून टाका. ‘स्वॅम्प’ या शब्दामुळे लोक मगरी, धुकं, शेवाळलेली झाडं कानाने शोधू लागतात आणि ती सापडली नाहीत की कंटाळतात. ओक ग्रोव्हचा भाग मुळात नदीच्या गाळाचा आणि कापसाचा. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला हे सांगत बसायला नको. भादव्यात कपाशीच्या काळ्या रानात शिरलं की पाय पटकन रुततो, पण उचलायला वेळ लागतो, आणि वर येतो तो तळव्याला शेरभर चिखल घेऊन. या अल्बमची लय अशीच चालते. ढोल वेळेवर पडतो, आवाज किंचित मागून येतो.

आता ऐकण्याची तयारी. मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम लावूच नका. बास गिटारची सर्वांत जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, साध्या गिटारची ८२ वर. मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. टोनी जोचा आवाजही खर्जातला, म्हणजे तुम्हाला ऐकू येईल ती गाण्याची वरची साल. वायरचा साधा हेडफोन चालेल. स्पीकर असतील तर दोन्हींमध्ये ५ ते ६ फूट अंतर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर समोर बसा. भिंतीपासून ते किमान हातभर पुढे ओढा. कोपऱ्यात ठेवले की बास फुगतो आणि बास-ढोल एकमेकांत कालवले जातात.

खान्देशात हमखास होणारी चूक म्हणजे इक्वलायझर. लग्नसराईत अहिराणी गाण्यांसाठी बास वर चढवलेला असतो आणि तो तसाच राहतो. डीजेच्या गाण्याला तो शोभतो, इथे सगळा गाळ करतो. सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा, बास बूस्ट बंद करा, शफल आणि क्रॉसफेडही बंद करा. क्रॉसफेड म्हणजे एक गाणं संपण्याआधीच पुढचं त्यात मिसळणं. त्यामुळे गाण्याचं हळूहळू विरत जाणारं शेपूट कापलं जातं, आणि या गायकाचं गुणगुणणं बऱ्याचदा त्या शेपटातच असतं.

सिमेंटच्या उघड्या भिंतींची खोली असेल तर समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, आवाज घुमायचा कमी होतो. वैशाखात कूलर चालू असताना ऐकण्यात अर्थ नाही, त्याच्या घरघरीत ऑर्गनचे हलके सूर बुडतात. पत्र्याच्या घरात पाऊस पडत असेल तर तीच गत. रात्री अकरानंतर, कूलर बंद करून, आवाज मध्यम ठेवून बसा.

शोधताना अल्बमचं पूर्ण नाव आणि १९६९ हे साल दोन्ही बघा. निवडक गाण्यांच्या संग्रहांत हीच गाणी वेगळ्या क्रमाने येतात आणि क्रम मोडला की मजा निम्मी होते.

पहिल्या फेरीत काहीच करू नका. ‘एलिमेंट्स अँड थिंग्ज’पासून ‘वॉचिंग द ट्रेन्स गो बाय’पर्यंत सलग ऐका. पाऊण तासही लागत नाही.

दुसरी फेरी तालाची. एक-दोन-तीन-चार मोजा आणि टाळी दोन आणि चारवर द्या. केरव्याच्या आणि भजनाच्या सवयीने आपला हात एकवर पडतो, म्हणून सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. तीन-चार गाण्यांत हात वळतो. तो वळला की गायकाचा शब्द टाळीच्या नंतर कसा घरंगळत येतो ते दिसू लागतं. टाळी चुकत असेल तर पायाने फक्त एक धरा आणि हात मोकळा ठेवा.

तिसरी फेरी गिटारची. टोनी जोच्या पायाखाली वा-वा पेडल असायचं, त्याला तो ‘व्हॉम्पर स्टॉम्पर’ म्हणायचा. पेडल काय करतं हे कळायला एक सोपा प्रयोग करा. एकाच सुरावर ‘ऊ’ म्हणत तोंड हळूहळू ‘आ’पर्यंत उघडा आणि परत मिटा. सूर बदलत नाही, पण आवाज आधी दबलेला, मग झळाळता, मग पुन्हा दबलेला होतो. पेडल पायाने नेमकं हेच करतं. मधूनच गिटार घोगरी, फाटल्यासारखी होते. नवखा माणूस स्पीकर फुटला समजून आवाज कमी करतो. तसं करू नका, तो फझचा, म्हणजे गिटारचा सूर फाडणाऱ्या उपकरणाचा, परिणाम आहे आणि मुद्दाम आणलेला आहे.

शब्द शेवटी. आधीच शब्द वाचत बसलात तर डोळे पुढे पळतात आणि कान मागे राहतात. त्याचा उच्चार दक्षिणेकडच्या गावातला, शब्दांची टोकं गिळणारा. ‘रूझवेल्ट अँड आयरा ली’च्या नावातच ‘मॉकॅसिन’चं ‘मॉसासिन’ छापलं आहे. मॉकॅसिन म्हणजे तिथला पाण्यातला विषारी साप. प्रमाण मराठी आणि अहिराणी दोन्ही घरात ऐकत वाढलेल्याला बोलीचा हा लहेजा खटकत नाही, उलट तो ओळखीचा वाटतो. ‘पोक सॅलड’मधली पोकची भाजी कळली की बरंच उलगडतं. हे रानातलं झाड विषारी, कोवळी पानं दोन-तीनदा उकळून, पाणी फेकून मगच खायची. आपला पोकळा वेगळा. नावाच्या साम्यावर जाऊन कुठलंही परदेशी झाड रांधू नका.

‘रेनी नाइट इन जॉर्जिया’ला मात्र स्वतंत्र संध्याकाळ द्या. जॉर्जियातल्या मॅरिएटाला तो रस्त्यांच्या खात्यात ट्रक चालवायचा. पाऊस लागला की काम बंद आणि मग घरी गिटार. गाणं त्या दिवसांतून आलं. ब्रूक बेंटन या गायकाच्या आवाजात ते १९७० मध्ये आलं, निर्माता आरिफ मार्डिन, आणि ते ४ थ्या क्रमांकापर्यंत गेलं. आधी टोनी जोचं ऐका, मग बेंटनचं, मग पुन्हा टोनी जोचं. उलट क्रमाने ऐकलंत तर मूळ गाणं अर्धवट वाटतं, कारण बेंटनचा गोल, भरलेला आवाज कानात बसलेला असतो. टोनी जो जवळजवळ बोलतो. त्याच्या दोन ओळींमध्ये जी जागा सुटते ती भरून काढायची घाई नाही, हे तिसऱ्या वेळी जाणवतं.

सगळीच ११ गाणी सारखी नाहीत. ‘आय वॉन्ट यू’वर फार वेळ घालवू नका. ‘द मायग्रंट’ आणि शेवटचं रेल्वेचं गाणं मात्र लागोपाठ, दिवा मालवून ऐका. भुसावळच्या यार्डाजवळ राहणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवली तरी चालेल.

महिनाभराने लाइटनिन हॉपकिन्स या ब्लूज गायकाची एखादी जुनी, एकट्या गिटारवरची तबकडी लावा. थोरल्या भावाने घरी आणलेल्या हॉपकिन्सच्या अल्बमनेच टोनी जोला गिटारकडे वळवलं. ती संपली की लगेच ‘एलिमेंट्स अँड थिंग्ज’ लावा आणि अंगठ्याने वाजणाऱ्या खर्जाच्या तारांवर कान ठेवा.