माल परदेशात जातो, गेट मात्र गावात असतं: कारखानदारांनो, या चुका टाळा

कोल्हापूरजवळची शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी. इथल्या फाउंड्रीमालकाचा, म्हणजे धातू वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्याच्या मालकाचा, दिवस ठरलेला. सकाळी भट्टी, दुपारी रिजेक्शनची कटकट, रात्री अमेरिकेतल्या ग्राहकाचा कॉल. मग एक दिवस गावातली पोरं गेट अडवतात, भरलेला कंटेनर आतच राहतो आणि मालक म्हणतो, "गणपतीला एवढी वर्गणी दिली, तरी?"

वर्गणी मंडळाला मिळाली हो! जिच्या दोरीवरच्या धुण्यावर रोज काळी धूळ बसते, तिला फ्लेक्सवरचा तुमचा हसरा फोटो बघून रागच येणार.

आमचंच सांगतो. ओतकामाच्या साच्यांतून निघणारी जळकी वाळू उचलायचं काम ठेकेदाराला दिलं होतं. ट्रॉलीवर ताडपत्री नसायची आणि वाळू कुठं पडते, हे मी कधी विचारलं नाही. एका पावसाळ्यात ती ओढ्यात उतरली. ग्रामपंचायतीचं बोलावणं आलं, तर मी एचआरच्या पोराला पाठवलं. त्याला गावात कोणी ओळखत नव्हतं, आणि साधी ताडपत्री मंजूर करायचा अधिकारही त्याला नव्हता. लोक आणखी भडकले. शेवटी मी स्वतः ओढ्यापर्यंत चालत गेलो. काठावर वाळूचा काळा थर, त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे. एक म्हातारबा म्हणाले, "मालक, तुमी हितं पयल्यांदाच आलासा न्हवं?" कारखाना सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना काढला, तेव्हा त्यांना वस्तीही स्वतःच वसवावी लागली. आपल्याला गाव आयतं मिळतं, पण त्याच्या गटातटांसकट. म्हणून सगळा व्यवहार एकट्या सरपंचामार्फत करू नका. एका गटाचे झालात की दुसऱ्या गटाला तुमचा धूर जास्त दिसतो. १ मे किंवा १५ ऑगस्टच्या सुमाराला होणाऱ्या ग्रामसभेत मागच्या रांगेत जाऊन बसा. सत्कार नको म्हणून आधीच सांगा.

सीएसआरचा, म्हणजे कंपनीने नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चाचा, गोंधळ वेगळाच. नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातला एक जरी आकडा गाठला तरी कंपनी कायद्याचं कलम १३५ लागू होतं. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, आणि त्यात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. फक्त आपल्या कामगारांच्या सोयीसाठी केलेला खर्च यात धरत नाहीत. शाळेला संगणक देणार असाल तर वीजबिल कोण भरणार, हे आधी मुख्याध्यापकांना विचारा.

नोकरीचं म्हणाल तर गावातली पोरं वॉचमन आणि लोडिंगपुरतीच ठेवू नका. आयटीआयला फाउंड्रीमन हा ट्रेड आहे. त्यातून अ‍ॅप्रेंटिस घ्या.

आणि गेट अडलंच तर? लगेच पोलिसांना फोन लावू नका. खाली या, चारचौघांना आत बोलवा, तक्रार त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. जे होणार आहे त्याचीच तारीख लेखी द्या. घाईत "दहा पोरं कामाला घेतो" म्हणालात, तर पुढच्या महिन्यात गेटवर पन्नास उभी राहतील.

आमच्या ट्रॉल्यांवर आता ताडपत्री असते. ओढा अजून पुरता निवळलेला नाही. म्हातारबा भेटले की आधी तेच विचारतात.