लाइटचे क्यू सुधारताना या चुका टाळा

रंगीत तालमीत दिग्दर्शक खालून ओरडतो, "आजींच्या खुर्चीवर जरा कमी करा!" ऑपरेटर कन्सोलवर, म्हणजे लाइट चालवायच्या यंत्रावर, त्या खुर्चीवरचा लाइट (चॅनल 12) सत्तर टक्क्यांवरून चाळीसवर आणतो, अपडेट दाबून बदल साठवतो, सगळे पुढे सरकतात. दोन क्यूंनंतर, म्हणजे साठवलेल्या दोन लाइट-रचनांनंतर, पत्रवाचनाचा प्रसंग येतो आणि आजी चाचपडत वाचायला लागतात. मग कन्सोलला शिव्या. बिचाऱ्याने सांगितलं तेवढंच केलेलं असतं.

ईटीसीच्या इऑस, आयन या कन्सोलवर ट्रॅकिंग मोडमध्ये काम करताना चॅनलला एकदा दिलेली लेव्हल पुढची सूचना येईपर्यंत तशीच वाहत राहते. समजा, 12ला 24व्या क्यूत 70 दिलंय आणि पुढची सूचना थेट 31व्या क्यूत आहे. 27मध्ये 40 करून नुसतं अपडेट केलंत, तर 28, 29, 30 मध्येही 40च होणार. म्हणून बटण दाबण्याआधी दिग्दर्शकालाच विचारा: फक्त या क्षणापुरतं कमी हवंय, की पूर्ण प्रवेशात? क्षणापुरतं असेल तर अपडेटसोबत क्यू ओन्ली. 28मध्ये लाइट परत 70वर येतो. पूर्ण प्रवेशात असेल तर अपडेट, ट्रेस, एंटर. बदल मागे जाऊन 24व्या क्यूत बसतो. आणि इथून पुढेच हवं असेल, तर साधं अपडेट बरोबर आहे.

हे ओळखायला स्क्रीनवरचे रंग पुरतात. किरमिजी आकडा म्हणजे मागून वाहत आलेला. निळा म्हणजे याच क्यूत वर गेलेला, हिरवा म्हणजे खाली आलेला. लाल दिसला तर ते तुम्ही आत्ता हाताने दिलेलं, अजून न साठवलेलं. निम्म्या ऑपरेटरांचं लक्ष रंगमंचावरच असतं, स्क्रीनकडे कोणी बघत नाही!

अपडेटच्या जागी रेकॉर्ड

अपडेट हाताने केलेले बदल उचलतं, रेकॉर्ड रंगमंचावर चालू असलेलं सगळं. नेपथ्यवाल्यांसाठी सबमास्टरवर (अनेक लाइट एकत्र चालवणाऱ्या सरकपट्टीवर) चढवलेला लाइट तुम्ही विसरलात आणि तो सबमास्टर रेकॉर्डमधून वगळलेला नसेल, तर तोही क्यूत जाऊन बसतो. मग ब्लॅकआउटनंतरच्या हळुवार प्रवेशात मागची भिंत लख्ख उजळते.

जुने लाल आकडे घेऊन पुढच्या क्यूवर जाणं

हाताने दिलेली लेव्हल गो दाबल्यावरही टिकून राहू शकते, आणि पुढचं अपडेट तीही गिळतं. क्यू बदलण्याआधी स्नीक, एंटर करा, म्हणजे हाताने दिलेले आकडे सुटतात.

ब्लाइंडमध्ये "नुसतं बघायला" आकडे बदलणं

ब्लाइंडमध्ये, म्हणजे रंगमंचावर न दाखवता क्यू उघडायच्या स्क्रीनवर, क्यूत केलेला बदल लगेच साठतो, रेकॉर्डची वाट बघत नाही. उलट, चालू क्यूच तिथे सुधारलात तर रंगमंचावर फरक दिसत नाही. तो क्यू पुन्हा घ्यावा लागतो. काहीच झालं नाही असं वाटून लोक तोच आकडा आणखी खाली ओढतात, आणि रात्री प्रयोगात लाइट दिसेनासा होतो.

ब्लॉक न लावणं

प्रवेश संपतानाच्या ब्लॅकआउटला ब्लॉक लावा, म्हणजे मागून वाहत येणारे बदल तिथेच थांबतात आणि पहिल्या प्रवेशातली दुरुस्ती दुसऱ्यात झिरपत नाही. पण धास्तीने प्रत्येक क्यू ब्लॉक करू नका. तसं केलंत की पूर्ण प्रवेशातली एक खुर्ची कमी करायला प्रत्येक क्यू उघडत बसावं लागतं.

क्यू डिलीट करतानाही हेच भान हवं. ट्रॅकिंगमध्ये 27 उडवला की त्यातल्या सूचनाही जातात आणि पुढचे क्यू 26मधल्या लेव्हल घेऊन चालतात.

दौऱ्यावर मूव्हिंग हेड क्यूमागून क्यू हलवत बसणं

मूव्हिंग हेड म्हणजे कन्सोलवरून फिरवता येणारे लाइट. शिवाजी मंदिरात जुळवलेली त्यांची पोझिशन गडकरी रंगायतनमध्ये जशीच्या तशी लागत नाही. लाइट टांगायच्या बारची जागा, उंची, सगळंच वेगळं. क्यू फोकस पॅलेट (लाइट कुठे रोखायचा याची वेगळी साठवलेली पोझिशन) वापरून बांधले असतील, तर पॅलेट एकदा सुधारली की तिच्यावरचे सगळे क्यू जागेवर येतात. आकडे थेट क्यूत भरले असतील, तर नेपथ्य लागून तिसरी घंटा झाली तरी तुमचं फोकसिंग चालूच.

दुरुस्त्यांना हात घालण्याआधी फाइल सेव्ह ॲज करून नवीन नावाने ठेवा, नावात गाव आणि तारीख घाला, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. दुरुस्ती झाल्यावर फक्त तो एक क्यू बघून उठू नका. आधीच्या क्यूपासून पुढच्या ब्लॅकआउटपर्यंत गो दाबत जा.